सीमाभागाच्या अभ्यासपत्रिकेसाठी लेख आणि चित्रं पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी आणि आसपासच्या मुलखाचा इतिहास, बोली, शेती, कारागिरी, देवस्थानं आणि कला यांना वाहिलेली ही पत्रिका आहे. लेख पाठवण्याआधी लोक फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवलं आहे.

मी प्राध्यापक नाही, पदवीही नाही. माझा लेख घ्याल का?

घेऊ. नावामागे काय लागलं आहे ते आम्ही शेवटी बघतो. मजकूर वाचणाऱ्या दोघांना लेखकाचं नाव आधी सांगतही नाही.

मागे वडगावच्या एका विणकराने वहीच्या पानांवर पेन्सिलीने हातमागावरचं टिपण पाठवलं होतं. ताणा कसा बांधतात, फणीतून सूत ओवायला दोन माणसं का लागतात, धोटा उजवीकडे अडकला की दोष बहुधा कुठे असतो, पावसाळ्यात सूत कसं वागतं, हे सगळं त्यात होतं. शुद्धलेखन आम्ही पाहिलं, मांडणी त्यांचीच ठेवली. वडगाव-शहापूरच्या साड्यांवर ‘वैभवशाली परंपरा’ या शब्दांनी सुरू होणारे निबंध आमच्याकडे कमी नाहीत, पण त्यांतल्या एकातही फणीचा उल्लेख नव्हता.

कोणते विषय हवे आहेत?

कोणते नकोत ते आधी सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म गुर्लहोसूरचा आणि कुमार गंधर्वांचा सुळेभावीचा, हे सांगून पुढे चरित्रकोशातला मजकूर जोडलेले लेख. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं १८२४ चं बंड शाळेच्या पुस्तकाबरहुकूम पुन्हा सांगणारे लेख. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे गांधीजी अध्यक्ष होते या वाक्यापाशी सुरू होऊन तिथेच संपणारे लेख. माणसं थोर आहेत, प्रसंगही मोठे आहेत, पण वाचकाला हे माहीत असतं.

त्याच अधिवेशनासाठी खणलेली विहीर आजही टिळकवाडीत आहे. अधिवेशनाचा मांडव उठल्यावर त्या पाण्याचं काय झालं? कोणी भरलं, कोणाला भरू दिलं नाही, नळ आल्यावर तिच्याकडे कोण फिरकलं? यावर कोणी चार घरं फिरून लिहिलं तर पान राखून ठेवू.

याच जातीचे आणखी काही विषय मनात आहेत. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांना हजारी विड्यांमागे काय मिळत होतं, आणि पान-तंबाखू तोलून देताना काय व्हायचं. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाबद्दल बोलताना शरद जोशींचं नाव निघतं ते योग्यच आहे, पण रस्त्यावर बसलेल्यांना भाकरी कोणत्या गावांतून येत होत्या हे अजून कोणी लिहिलेलं आमच्या वाचनात नाही. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी भरणारी जत्रा. खानापूरच्या जंगलकडेच्या गावांतले गवे, हत्ती आणि भातशेती. बासमतीसारखा वास असलेला बेळगावी तांदूळ शिवारातून का आणि कधी कमी होत गेला. मांडे करणाऱ्या बायकांचे हात आणि मडकी. मराठी प्राथमिक शाळांतली पटसंख्या, तीही हजेरीपटावरून, भाषणावरून नव्हे.

सीमाप्रश्नावर लिहिता येईल का?

येईल. मात्र तो लिहिताना बहुतेकांचा हात सैल सुटतो, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढा सांगाडा प्रत्येक लेखात पुन्हा उभा करायची गरज नाही, वाचक तो पाठ म्हणू शकतो. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचंही तेच. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

तुमच्या भूमिकेला आमची ना नाही. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्याचा लेख आम्ही छापतो आणि त्याच दिवशी राज्योत्सवाला जाणाऱ्याचाही. अट एकच: जे घडलं म्हणता ते कुठून कळलं हे त्याच परिच्छेदात यायला हवं. ‘वडिलांकडून ऐकलं’ हा चालणारा आधार आहे, फक्त तसं स्पष्ट लिहा, आणि वडील तेव्हा कुठे होते, किती वर्षांचे होते तेही लिहा. लाठीमारात कोणाला कुठे लागलं हे तिथे उभ्या असलेल्या माणसाने सांगितलं तर ती साक्ष होते. शेजारगावी ऐकलेली गोष्ट साक्षीसारखी मांडली की दुसऱ्या बाजूचा माणूस तेवढंच खोडून काढतो आणि खरं होतं तेही त्याबरोबर वाहून जातं. हुतात्म्यांची नावं, वयं आणि गावं लिहिताना घरच्यांशी एकदा ताडून पाहा. जुन्या पत्रकांत ती एकसारखी नसतात.

घोषणा, कोणत्याही भाषेला शिव्या, कोणाच्या आडनावावरून कोटी यांना जागा नाही. त्यावर वाद घालू नये.

गॅझेटियरमधला मजकूर वापरू का?

वापरा, पण लेख म्हणजे त्याचं भाषांतर नको. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांनी काढलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, बेळगावचा एकविसावा खंड १८८४ चा आहे. तो आता सर्वांना खुला आहे आणि पेठा, रस्ते, पिकं, बाजारभाव यांसाठी अजून उपयोगी पडतो. जातींबद्दल त्यात जे लिहिलं आहे ते मात्र साहेबाने कोणा कारकुनाला विचारून लिहिलेलं आहे. ‘हे लोक आळशी व कर्जबाजारी असतात’ अशा थाटाची वाक्यं अवतरणचिन्हांशिवाय आपल्या लेखात आली तर ती तुमची होतात. आम्ही असे लेख परत पाठवले आहेत.

जुने कागद कुठे शोधू?

शहापूर आज बेळगाव शहरातच असलं तरी ते सांगली संस्थानात होतं. त्यामुळे पलीकडच्या गल्लीचा कागद एका दप्तरात आणि अलीकडच्या गल्लीचा दुसऱ्यात असं होतं. १९५६ पर्यंतचा कारभार मुंबई राज्याचा होता, म्हणून मुंबई आणि पुण्याची पुराभिलेखागारं आधी बघा, मग बंगळूर. चंदगडवर काम करणाऱ्याने उलटं यावं, १९५६ आधीच्या गोष्टींसाठी बेळगावकडे. आणि सगळ्यात आधी घरातल्या पेटाऱ्याची झडती घ्या.

घरात मोडीतले कागद आहेत. तुमच्याकडे पाठवू का?

मूळ कागद अजिबात पाठवू नका. टपालात एकदा गहाळ झाला की संपलं. सावलीत, खिडकीशेजारी कागद सपाट ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो हवा. देणंघेणं अनेकदा पाठीवरच नोंदलेलं असतं. घडी मोडत नसेल तर जोर लावू नका, आणि चिकटपट्टी कधीही लावू नका.

मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा मिळवून देऊ. त्याने केलेल्या देवनागरी लिप्यंतरात त्याचं नाव तुमच्या नावाबरोबर छापलं जाईल, हे आधी कबूल असावं.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पत्र तुमच्या घरात असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. मामांनी आजोबांना लिहिलेली पत्रं छापायची तर मामांच्या मुलांना विचारा. दोन ओळींची चिठ्ठी पुरते. भावकीत नंतर भांडण होण्यापेक्षा ते बरं.

शेतात नांगरताना नाणी किंवा ताम्रपट सापडला. त्यावर लेख देऊ?

लेख नंतर, आधी कळवा. पुरलेल्या धनासाठी कर्नाटकात १९६२ चा निधी कायदा लागू आहे. जमिनीत पुरलेलं किमती काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कळवल्याची पोच जोडलीत तर आम्हाला छापायला अडचण नाही. घासून लख्ख केलेलं नाणं आणू नका. त्यावरची अक्षरं तुम्हीच पुसलेली असतात.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि शिलालेखांचे फोटो कसे हवेत?

कोरीव अक्षरांवर खडूची पूड, तेल, हळद-कुंकू, रांगोळी यांतलं काहीही भरू नका. अक्षर उठून दिसतं खरं, पण दगड खराब होतो आणि शिवाय तुम्हाला जे अक्षर वाटलं तेच तुम्ही भरता. सकाळी आठ-नऊपर्यंतचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पुरतं. मंदिराच्या आत असेल तर अंधार करून बॅटरी बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा आणि प्रत्येक बाजूने एकेक फोटो घ्या. एका फोटोत न दिसलेला काना दुसऱ्यात दिसतो. पूर्ण दगड, मग एकेक पट्टा, मग त्याची जागा दाखवणारा एक लांबचा फोटो, असा संच पाठवा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूत अक्षरांचे कागदावर ठसे घ्यायचे असतील तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या.

खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या जुन्या मंदिराचे फोटो भरपूर येतात आणि सगळे एकाच कोनातून. मंदिराच्या मागच्या बाजूला कोणी जात नाही असं दिसतं.

चित्रं, रेखाटनं कोणत्या प्रकारची घेता?

जलरंग, शाई, कोळसा, लाकूडठसे, व्यंगचित्रं, नकाशे, घराचे आराखडे. संगणकावर काढलेलंही चालतं. निसर्गचित्रं येतात ती सुंदर असतात, पण अभ्यासपत्रिकेला माहिती देणारं रेखाटन जास्त उपयोगी. खानापूरकडच्या घराची पडवी, भात मळायची जागा, विडीचं पान कापायची कात्री, बैलगाडीचा साटा.

अवजाराचं चित्र काढताना जो ते वापरतो त्याला प्रत्येक भागाचं नाव विचारा आणि तेच चित्रावर लिहा, शब्दकोशातलं नको. वापरणारा दोन गावांमागे दोन नावं सांगेल, दोन्ही लिहा. मापं टेपने घ्या. टेप नसेल तर ‘मूठ, वीत, हात’ असं लिहिलं तरी भागतं, फक्त कोणाचा हात ते सांगा.

फाइल कशी पाठवायची?

छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. शाईच्या रेघांच्या चित्राला ६०० ठेवा, नाहीतर रेघ करवतीसारखी दिसते. पाच इंच रुंद छापायचा फोटो किमान १५०० पिक्सेल रुंद हवा. आजचा साधा मोबाइल त्याहून किती तरी मोठा फोटो काढतो. घोटाळा होतो तो पाठवताना. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, मग मुखपृष्ठावर घेता येत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा इमेलला जोडा. टिफ असेल तर उत्तम, नसेल तर कमीत कमी दाबलेली जेपेग. रंगांचं सीएमवायके (छपाईच्या चार शाईंतलं) रूपांतर आमचा छापखाना करतो, तुम्ही करू नका.

वर्तमानपत्रात छापलेल्या फोटोचा फोटो पाठवू नका. त्यातले ठिपके आणि आमचे ठिपके मिळून जाळी तयार होते.

मजकूर कोणत्या फाँटमध्ये?

युनिकोड. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमधला मजकूर बदलून घेता येतो, पण ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘शेतकऱ्यां’चं ‘शेतकर्यां’ होऊन येतं, आणि ते मुद्रितं वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून सुटतं. हाताने लिहिलेलंही घेतो. पानाच्या एकाच बाजूला लिहा, ओळी सोडून लिहा आणि फोटोऐवजी झेरॉक्स पाठवा.

लांबी तीन ते सहा हजार शब्द. टिपणं पाचशेपासून.

गावांची नावं कशी लिहू?

मराठी मजकुरात तुमच्या घरी म्हणतात तसं: बेळगाव, चिकोडी, सौंदत्ती. सरकारी कागद उद्धृत करताना त्यावर छापलेलं नाव जसंच्या तसं. २०१४ नंतरच्या कागदात ‘बेळगावी’ असणारच, ते बदलू नका. पहिल्या उल्लेखात तालुका द्या. एकाच नावाची गावं या भागात इतकी आहेत की त्याशिवाय गाव सापडत नाही.

बोलीत लिहिलं तर? कन्नडमध्ये लिहिलं तर?

मुलाखत असेल तर ती बोलीतच ठेवा. ‘काय करायलास?’ असं विचारलं असेल तर ‘काय करतो आहेस?’ करू नका. सांगणारी मावशी वाक्याच्या मध्यात कन्नडमध्ये शिरली आणि परत आली तर तेही राहू द्या, अर्थ लगेच पुढे द्या. जात्यावरच्या ओव्यांत हे पदोपदी होतं. चिंचलीच्या मायाक्काची आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी तर एका भाषेत मावतच नाहीत. कन्नड शब्द देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व ए आणि ओ यांचा घोळ होतो. शंका असेल तिथे शब्द मोठ्याने म्हणून ध्वनिमुद्रण पाठवा, आम्ही बघतो.

कन्नड, उर्दू किंवा कोकणीतला लेख अनुवादासह घेतो. मूळ मजकूर सोबत हवाच. तो वाचायला ती भाषा जाणणाराच माणूस देतो.

मुलाखत घेताना परवानगी लागते?

लागते, आणि सही घेतली म्हणजे संपलं असं समजू नका. लिहून काढलेलं त्या माणसाला वाचून दाखवा. पुष्कळदा ‘हे नको घालू बाबा’ असं तेव्हा कळतं.

जोगतिणींवरच्या, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या बायकांवरच्या, लेखांबाबत आम्ही जास्त कडक आहोत. मुली देवाला वाहण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कोणाला कधी वाहिलं हे नाव-गावासह छापणं म्हणजे तिच्या घरादाराला पोलिसांच्या आणि भावकीच्या तोंडी देणं. नावं बदला, गावं बदला, चेहरा ओळखू येणारा फोटो पाठवू नका. जत्रेतला फोटो ‘सगळ्यांसमोरच काढला’ हे कारण आम्हाला पटत नाही.

जुन्या फोटोचा हक्क कोणाचा?

सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा. पण पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला असेल आणि वेगळा करार नसेल, तर काढून घेणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, लेखनावरचा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. छापून आल्यावर तुमच्या लेखाचा आणि चित्राचा हक्क तुमच्याकडेच राहतो. आम्हाला फक्त एकदा छापायची आणि अंकाच्या संग्रहात ठेवायची मुभा लागते.

आधी कुठे छापलेलं चालेल?

नाही. पेपरातल्या छोट्या टिपणाचा नंतर मोठा अभ्यास केला असेल तर चालेल, पण तसं सांगा.

पैसे भरावे लागतात का? मानधन मिळतं का?

दोन्ही नाही. छापण्यासाठी पैसे मागणारी नियतकालिकं आहेत, आम्ही त्यातले नव्हे. लेखकाला आणि चित्रकाराला दोन-दोन प्रती घरपोच.

पदोन्नतीसाठी उपयोग होईल का?

तुमच्या महाविद्यालयात विचारा. यूजीसीने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीच बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहात का’ या प्रश्नाला आता अर्थ उरलेला नाही. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात येणारे घाईचे लेख आम्ही ओळखतो.

एआयकडून लिहून घेतलं तर?

टंकलेखन तपासायला वापरा. संदर्भांसाठी नको. अस्तित्वात नसलेल्या ताम्रपटांचे हवाले आमच्याकडे येऊन गेले आहेत, पान क्रमांकांसह.

कविता, कथा?

फार थोड्या. इथल्या लोकगीतांचं संकलन मात्र हवं आहे.

लेख नाकारला तर कारण सांगता का?

सांगतो, एका पानाच्या आत. दोन वाचकांचं मत जुळलं नाही तर तिसरा वाचतो, म्हणून कधी कधी वेळ लागतो. ‘सुधारून पाठवा’ आलं तर तो नकार नव्हे. बहुतेक चांगले लेख असेच एकदा फिरून आले आहेत. संपादकांच्या ओळखीचा माणूस आहे म्हणून निरोप पाठवू नये, निर्णयाला त्याने उशीरच होतो.

मूळ चित्र परत मिळेल का?

स्कॅन पाठवलात तर प्रश्नच नाही. मूळच द्यायचं असेल तर प्रत्यक्ष आणून द्या आणि पोच घ्या. टपालाने पाठवायचं झालं तर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, गुंडाळी न करता, स्पीड पोस्टाने, आणि मागे पेन्सिलीने नाव, साल, माध्यम, फोन. बॉलपेनाने लिहू नका, पुढच्या बाजूला उठतं. पत्ता अंकाच्या शेवटच्या पानावर आहे.